देवगिरीच्या पायथ्यापासून हर की दूनपर्यंत : एका छोट्या हिमालयीन पदभ्रमणाचे नियोजन

छत्रपती संभाजीनगर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात हर की दून या खोऱ्याकडे जाणारी वाट ज्या सांकरी गावातून सुरू होते ते गाव सुमारे १,९५० मीटरवर असल्याने, या वाटेवरचे पहिले पाऊलच महाराष्ट्रातील कोणत्याही जमिनीपेक्षा उंचावर पडते. पदभ्रमणाच्या प्रचलित वर्गवारीत हर की दूनची गणना सोप्या ते मध्यम श्रेणीत होते आणि ते योग्यही आहे. मात्र ही श्रेणी वाटेच्या चढउतारावरून ठरवलेली असते, चालणारा कोणत्या उंचीवरून आला आहे याचा विचार तीत नसतो. मराठवाड्यातून निघणाऱ्या माणसाने नियोजन करताना याच गोष्टीपासून आरंभ केला पाहिजे, कारण गडकिल्ले पालथे घातलेल्या पायांची ताकद त्याच्याजवळ बहुधा असते. कमी असतात ते दिवस.

या शहराला हिमालय परका नाही. येथील पोलीस दलातील रफिक शेख यांनी २०१६ मध्ये एव्हरेस्ट सर केले आणि मनीषा वाघमारे यांनी २०१८ मध्ये. वाघमारे यांना त्याआधीच्या वर्षी शिखर अगदी जवळ आलेले असताना खराब हवामानामुळे मागे फिरावे लागले होते, आणि मागे फिरल्यामुळेच पुढच्या वर्षीचा प्रयत्न शक्य झाला, हे त्यांच्या यशाइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. ३,५०० मीटरच्या खोऱ्यात जाणाऱ्या हौशी मंडळींना एव्हरेस्टची साधने लागत नाहीत, परंतु मागे फिरण्याची मोकळीक आराखड्यात आधीपासून असणे त्यांनाही तितकेच आवश्यक असते.

हर की दून, म्हणजे हराची अर्थात शंकराची दरी, ही टोन्स नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. सुपिन आणि रुपिन या दोन नद्या नैटवाड गावापाशी एकत्र येऊन टोन्स तयार होते, आणि पुढे डेहराडून जिल्ह्यात ती यमुनेला मिळते; या संगमाच्या वर खुद्द यमुनेपेक्षा टोन्सचेच पाणी अधिक असते. पायवाट सुपिनच्या काठाने वर सरकते. खालच्या भागात नदीने कापलेली अरुंद दरी आणि वर हिमनदीने खरवडून रुंद केलेला, सपाट तळाचा प्रदेश असा बदल एकाच वाटेवर पाहायला मिळतो, आणि दख्खनच्या माणसाला तो विशेष जाणवतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेत बेसाल्टचे थर आडवे, एकावर एक रचल्यासारखे असतात, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हारसाचे ते थर त्यानंतर फारसे हललेले नाहीत. हिमालय मात्र भारतीय आणि युरेशियन भूपट्टांच्या टकरीतून घड्या पडत उचलला गेला असून आजही उचलला जात आहे, म्हणून तेथील उतार सैल, दरडी ताज्या आणि नद्या गाळाने गढूळ असतात. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भरवशाची ठरलेली कातळकड्याची धार आणि हिमालयातील ढासळत्या मुरुमाची धार या दोहोंवर पाय सारख्याच विश्वासाने टाकून चालत नाही.

हा सारा परिसर गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याचा भाग आहे. अभयारण्याची स्थापना १९५५ मध्ये झाली आणि गोविंद वल्लभ पंत यांचे नाव त्याला देण्यात आले. दरीच्या माथ्याशी ६,२५२ मीटर उंचीचे स्वर्गारोहिणी शिखर उभे आहे, आणि पांडव याच मार्गाने स्वर्गाला निघाले अशी येथील श्रद्धा आहे. बद्रीनाथजवळच्या सतोपंथच्या वाटेवरही हीच कथा सांगितली जाते. आग्नेयेकडील बंदरपूंछ या ६,३१६ मीटरच्या शिखरावर १९५० मध्ये प्रथम चढाई झाली, त्या तुकडीत पुढे तीन वर्षांनी एव्हरेस्टवर पोहोचलेले तेनझिंग नोर्गे होते.

ऋतूची निवड हा नियोजनातील पहिला निर्णय असतो आणि मराठी कुटुंबाच्या बाबतीत तो शाळेच्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो. हिमालयातील दरी म्हटली की महाराष्ट्रात बहुतेकांच्या ओठांवर पहिले नाव चमोली जिल्ह्यातील ‘फुलों की घाटी’चे येते. १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतणाऱ्या फ्रँक स्माइथ यांच्या चमूला ही दरी दिसली, १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. परंतु तेथील बहर जुलै-ऑगस्टमध्ये असतो. तेव्हा महाराष्ट्रातील शाळा सुरू असतात आणि गढवालमधील रस्ते दरडींमुळे वारंवार बंद पडतात. उत्तरकाशी जिल्ह्यातील धराली गावावर ५ ऑगस्ट २०२५ रोजी कोसळलेल्या लोंढ्यानंतर पावसाळ्यातील या प्रवासाचा धोका वेगळा समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्याला त्या दरीत जूनच्या प्रारंभी बर्फ अधिक आणि फुले थोडी दिसतात.

हर की दूनचे अनुकूल महिने मे ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा आरंभ असे असल्यामुळे उन्हाळी आणि दिवाळी या दोन्ही सुट्ट्यांशी ते जुळतात, आणि याच कारणासाठी मराठवाड्यातून प्रथमच हिमालयात जाणाऱ्यांसाठी ही दरी अधिक योग्य ठरते. मे महिन्यात नाले वितळत्या बर्फाने भरलेले असतात आणि वरच्या टप्प्यात बर्फाचे पट्टे ओलांडावे लागू शकतात. शिवाय त्याच काळात यमुनोत्रीला जाणाऱ्या चारधाम यात्रेकरूंची गर्दी मसुरी ते नौगाव या रस्त्यावर असते, त्यामुळे वाहन आणि मुक्काम यांची व्यवस्था आधी करणे भाग पडते. दिवाळीच्या सुमारास आकाश स्वच्छ आणि शिखरे स्पष्ट असतात, पण दिवस लहान होतात आणि रात्रीचे तापमान वरच्या मुक्कामी शून्याखाली जाते. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कोठेही येत असल्याने, ती लवकर असलेले वर्ष या सहलीसाठी निवडणे श्रेयस्कर होय.

संभाजीनगरहून दिल्लीला जाणारी नांदेड–अमृतसर सचखंड एक्स्प्रेस दुपारी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्लीला पोहोचते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होते, आणि दिवाळीच्या तारखांसाठी हा पहिला दिवस चुकवणे परवडत नाही. दिल्लीहून डेहराडूनला रात्रीच्या गाड्या आणि बसगाड्या आहेत. डेहराडूनपासून मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी आणि नैटवाड या मार्गाने सांकरी सुमारे दोनशे किलोमीटर असून, अंतर लहान वाटले तरी घाटरस्त्यामुळे आठ ते दहा तास लागतात आणि सकाळी लवकर निघणारी वाहनेच दिवसाउजेडी पोहोचतात. पुरोला ही वाटेवरची शेवटची मोठी बाजारपेठ समजावी. रोकड, औषधे आणि घरी करायचा शेवटचा निवांत फोन येथेच उरकावा. चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीला विमानाने गेल्यास दोन-तीन दिवस वाचतात, मात्र वाचलेले दिवस रजेतून वजा करण्याऐवजी डोंगरातील मुक्कामांत घातले तर त्या खर्चाचे खरे चीज होते.

या आग्रहामागे शरीरशास्त्र आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्व उंचींवर सुमारे एकवीस टक्केच असते, परंतु वर जावे तसा हवेचा दाब घटतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसात जाणारा प्राणवायू कमी होतो. संभाजीनगरात हा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ ९४ टक्के असतो, तर साडेतीन हजार मीटरवर तो सुमारे ६५ टक्के उरतो. शरीर ही उणीव आधी श्वासाची गती वाढवून आणि पुढे रक्तात बदल करून भरून काढते. या प्रक्रियेला विरळ हवेशी जुळवून घेणे म्हणतात आणि तिला काही दिवस लागतात. चढण त्याहून वेगाने झाली की डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा आणि झोपमोड अशी लक्षणे दिसू लागतात. हा पर्वतीय आजार साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर आढळतो आणि तरुण किंवा व्यायामपटू असण्याने त्यापासून संरक्षण मिळत नाही. उलट दमदार माणूस भराभर वर जातो म्हणून तोच अधिक वेळा सापडतो. या आजाराची दोन उग्र रूपे आहेत. एकात फुप्फुसात पाणी साठते व बसल्या जागी धाप लागते. दुसऱ्यात मेंदूला सूज येते आणि तोल जाणे, बरळणे अशी चिन्हे दिसतात. दोन्ही जीवघेणी आहेत, आणि दोहोंवरचा पहिला उपाय विलंब न लावता खाली उतरणे हाच आहे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराला जुळवून घेण्यास मदत करते, पण ते सल्फा गटातील असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, आणि ते घेतले म्हणून मुक्काम गाळता येतो असा समज तर मुळीच करून घेऊ नये.

पर्वतीय वैद्यकातील सर्वमान्य संकेत असा आहे की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याच्या जागेची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. दिवसा कितीही उंच जाऊन आले तरी रात्री कोठे झोपले यालाच महत्त्व असते. हा संकेत हर की दूनच्या वाटेला लावून पाहिला की बाजारात मिळणाऱ्या घाईच्या कार्यक्रमांमधील उणीव लगेच दिसते. ओसला गाव सुमारे २,६०० मीटरवर आणि हर की दून ३,५६६ मीटरवर आहे; एका दिवसात ओसल्याहून जाऊन वरच झोपणारा माणूस झोपेची उंची जवळजवळ हजार मीटरने वाढवतो. त्यापेक्षा पहिली रात्र सांकरीत, दुसरी गंगाडमध्ये, तिसरी ओसल्यात आणि चौथी ओसला व हर की दून यांच्या मधल्या कलकत्तियाधारच्या परिसरात काढून, पाचव्या दिवशी पहाटे हर की दून पाहून पुन्हा त्याच मधल्या मुक्कामी परतणे हा क्रम शरीराला मानवणारा आहे. यात एक-दोन दिवस जादा जातात. संभाजीनगरहून रेल्वेने निघून घरी परतेपर्यंत एक राखीव दिवस धरून सुमारे तेरा दिवस लागतात, आणि ‘छोटा ट्रेक’ या शब्दावर विसंबून आठवड्याची रजा टाकणाऱ्यांची फसगत होते ती येथेच.

वाट स्वतः मात्र मनाजोगी आहे. सांकरीहून तालुका या वस्तीपर्यंत अकरा किलोमीटरचा कच्चा रस्ता असून तेथपर्यंत जीप जातात. तालुक्यापासून ओसल्यापर्यंतचे सुमारे तेरा किलोमीटर नदीकाठाने, देवदार आणि अक्रोडाच्या सावलीतून जातात. गंगाड आणि ओसला या गावांतील घरे लाकूड व दगड यांची, कोरीव चौकटींची आणि दुमजली-तिमजली असून, तळमजल्यावर गुरे आणि वर माणसे अशी त्यांची रचना असते. अशा दाटीवाटीच्या लाकडी वस्तीत एक ठिणगीही अनर्थ करू शकते, म्हणून स्टोव्ह, शेकोटी आणि विडी-सिगारेट यांबाबत पाहुण्याने यजमानाहून अधिक दक्ष राहावे. येथील देवता सोमेश्वर असून तिची पालखी गावोगाव फिरते. प्रवासी पुस्तकांतून या भागातील देवळांचा संबंध दुर्योधनाशी जोडलेला आढळतो, परंतु आजचे ग्रामस्थ सोमेश्वराचे म्हणजे शंकराचेच नाव घेतात. अशा ठिकाणी पुस्तकातले वाचून वाद घालण्यापेक्षा गावकऱ्यांचे ऐकणे उचित आहे. चामड्याच्या वस्तू व पादत्राणे देवळाबाहेर ठेवावीत आणि गाभाऱ्याजवळ जाण्यापूर्वी किंवा छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे.

ओसल्यानंतर चढ वाढतो. शेताच्या पायऱ्यांत राजमा, बटाटा आणि राजगिरा पिकतो. शरदात राजगिऱ्याची लालभडक कणसे उतारभर पसरलेली असतात, आणि उपवासाचा लाडू एवढीच त्याची ओळख असलेल्या मराठी माणसाला हे दृश्य थबकवते. पुढे झाडे बदलतात, सूचिपर्णी वृक्षांच्या जागी पांढऱ्या सालीचे भूर्जवृक्ष येतात, आणि त्यानंतर वृक्षरेषा संपून बुग्याल लागतात. बुग्याल म्हणजे वृक्षरेषा आणि हिमरेषा यांच्यामधील गवताळ कुरणे. त्यांची माती पातळ आणि वाढीचा काळ अवघा काही महिन्यांचा असल्याने तंबूंच्या दाबाखाली मेलेले गवत परत यायला फार वेळ लागतो. म्हणूनच उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवरील रात्रीच्या मुक्कामावर निर्बंध घातले. मुक्कामाच्या जागा आणि प्रवेशशुल्क यांविषयी वन विभागाचे चालू नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत, आणि ओळखपत्राच्या प्रती सोबत ठेवाव्यात. गढवाल मंडल विकास निगमाची विश्रामगृहे या मार्गावर आहेत, तसेच यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या शिबिरांमधूनही अनेक मराठी कुटुंबे या वाटेने जाऊन आलेली आहेत. स्वतंत्रपणे जाणाऱ्या गटाने सांकरी परिसरातील स्थानिक वाटाड्या घ्यावा. नाला दुपारी का फुगतो, ढग कोणत्या खिंडीतून आला म्हणजे परतायचे, हे त्याला ठाऊक असते, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करून होणारी बचत ही फार महाग बचत आहे. नाल्यांबाबत एवढे लक्षात ठेवावे की बर्फ दिवसभराच्या उन्हाने वितळत असल्याने पाणी दुपारनंतर वाढते आणि पहाटे सर्वांत कमी असते.

सरावासाठी शहराबाहेर दूर जाण्याची गरज नाही. गोगाबाबा टेकडीवर रोज पहाटे जाणारी माणसे आधीच अर्ध्या वाटेवर आहेत. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे दोनशे मीटर उंच आहे. म्हणजे ओसला ते हर की दून या चढाची बरोबरी करायला तो पाच वेळा चढावा लागेल. हे एका दिवसात करण्याचा अट्टहास नको, परंतु दोन-तीन महिन्यांच्या सरावाअखेर पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन तो सलग दोन-तीनदा चढता-उतरता आला तर पायांची चिंता मिटते. खुलताबाद ते म्हैसमाळ हा घाट लांब पल्ल्याच्या संथ चालीसाठी उत्तम आहे, आणि कन्नड तालुक्यातील अंतूर किंवा सोयगावकडील वेताळवाडी किल्ला ओबडधोबड वाटेसाठी. उतरण्याचा सराव मुद्दाम करावा, कारण हिमालयात गुडघे चढताना नव्हे तर परतीला बोलू लागतात. मात्र यातील कोणताही डोंगर विरळ हवेची सवय लावू शकत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तारखा ठरवण्याआधी डॉक्टरांची तपासणी करून घ्यावी.

सामानाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. एका जाड स्वेटरऐवजी घाम शोषणारा, ऊब धरणारा आणि वारा-पाऊस अडवणारा असे तीन थर, घोट्याला आधार देणारे आणि घरीच वापरून मऊ केलेले बूट, पावसाळी आवरण, कपाळावर बांधायचा दिवा, गॉगल आणि दिवसाला तीन लिटर पाणी पिण्याची शिस्त एवढे पुरते. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला थंडीत तहान लागत नाही, त्यामुळे ही शिस्त ठरवूनच पाळावी लागते. प्लास्टिकचा कचरा सांकरीपर्यंत परत आणावा.

राखीव दिवस हा आराखड्यातील सर्वांत मोलाचा दिवस असतो आणि खर्चाला कात्री लागली की सर्वांत आधी तोच वगळला जातो. जून २०२४ मध्ये याच उत्तरकाशी जिल्ह्यातील सहस्रताल मार्गावर हिमवादळात अडकलेल्या कर्नाटकातील गटातील नऊ जणांचा मृत्यू झाला. ती वाट हर की दूनपेक्षा उंच आणि अवघड होती, तरी उंचीवर हवामान काही तासांत पालटते हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे. ज्या गटाची परतीची गाडी दुसऱ्याच दिवशी दिल्लीहून सुटणार असते तो गट बिघडत्या हवेतही पुढे जाण्याचा किंवा अंधारात उतरण्याचा निर्णय घेतो. म्हणून राखीव दिवस पदभ्रमण संपल्यानंतर आणि डेहराडूनच्या आधी ठेवावा, आणि सहलीच्या आरंभीच गटाने एका व्यक्तीला मागे फिरण्याचा निर्णय घेण्याचा अधिकार द्यावा, ज्यावर नंतर वाटेत चर्चा होणार नाही.

हवामानाने साथ दिली आणि हा दिवस शिल्लक राहिला तर परतताना मसुरीऐवजी यमुनेच्या काठाने विकासनगरकडे उतरणारा रस्ता धरावा. टोन्स आणि यमुना यांच्या संगमाजवळ कालसी येथे सम्राट अशोकाचे चौदा शिलालेख एका मोठ्या शिळेवर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्याही आधीचे आहेत, आणि याच चौदा लेखांच्या मालिकेतील आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे महाराष्ट्रात सोपाऱ्याला सापडलेले आहेत. सांकरीहून सकाळी लवकर निघाल्यास दुपारनंतर येथे थांबून संध्याकाळपर्यंत डेहराडूनला पोहोचता येते, आणि रात्रीची दिल्लीची गाडी मिळते.